विरजण कोणाकडून घेतले

तीस माणसांच्या लघवीत जे सापडायला नको होतं, ते एकोणीस माणसांच्या लघवीत सापडलं.

सोळाव्या आठवड्याचे आकडे आले तेव्हा नेत्रा सोनकांबळे बोरगव्हाणच्या आरोग्य उपकेंद्रात नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. फोन लातूरहून होता. प्रयोगाच्या प्रमुख डॉ. वैजयंती पटणे कधी नमस्कारापासून सुरुवात करत नसत.

"साध्या गटात इक्वॉल आहे."

"किती जणांत?"

"एकोणीस."

"मशीन चुकलं असेल, मॅडम."

"दोनदा लावलं. मशीन चुकतं तेव्हा सरसकट चुकतं. हे निवडून चुकलंय. गावात काय चाललंय ते बघ."

सोयाबीनमध्ये डेडझीन नावाचं एक संयुग असतं. आतड्यातले काही ठरावीक जिवाणू त्याचं इक्वॉलमध्ये रूपांतर करतात. इक्वॉलच्या रेणूची ठेवण इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी बरीच जुळते, त्यामुळे मेंदूतल्या पेशींवर इस्ट्रोजेनसाठी जी जागा असते तिथे ते जाऊन बसू शकतं. नैराश्यावर त्याचा उपयोग होईल, अशी आशा त्यातूनच निर्माण झाली होती. अडचण एकच होती. हे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. ज्यांच्यात नसतात त्यांनी रोज वाटीभर सोयाबीन खाल्लं तरी डेडझीन आलं तसं निघून जातं. म्हणूनच जुने अभ्यास एकमेकांशी जुळत नव्हते. एकात फरक दिसे, दुसऱ्यात काहीच नाही.

डॉ. पटणे यांनी आतड्याचा नाद सोडला. जे काम पोटात होत नाही ते मडक्यात करून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. आठ वर्षांच्या खटपटीनंतर त्यांच्या प्रयोगशाळेला एल-४१ हा जिवाणू मिळाला. तो सोयाच्या दुधाचं दही लावायचा आणि लावता लावता त्यातल्या डेडझीनचं इक्वॉल करायचा. गोळी नको, कारखाना नको. एकदा विरजण दिलं की माणूस स्वतःचं औषध स्वतःच लावत राहील.

बोरगव्हाणात साठ जण निवडले होते. साठही जणांना नैराश्य होतं आणि एकाच्याही पोटात इक्वॉल बनत नव्हतं. तिसांना एल-४१ चं विरजण दिलं, तिसांना साधं. चव सारखी, मडकं सारखं. कोणाला कुठलं मिळालं हे ना घेणाऱ्याला माहीत होतं, ना देणाऱ्या नेत्राला. सोयाचं दूध गावातल्या यंत्रातून रोज मिळे. नियमांच्या कागदावर चौथा नियम होता: आपले विरजण कोणालाही देऊ नये व कोणाकडूनही घेऊ नये. साठ जणांनी त्याखाली सही केली होती. कागद नेत्रानेच लिहिला होता.

आता दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. कागदावर याचा अर्थ एल-४१ चा काही उपयोग नाही, असा निघत होता.

अंगणवाडीच्या खोलीत बावीस बायका जमल्या. नेत्राने सरळच विचारलं, "विरजण कुणी कुणाला दिलं?"

पुढे बसलेल्या महानंदा हालकुडे म्हणाल्या, "दिलं की. सगळ्यांनीच दिलंय."

"काकू, नियम वाचून दाखवला होता मी."

"दाखवलास ना. चांगला वाचलास. पण बाई वाटी घेऊन दारात उभी राहिल्यावर तिला काय कागद दाखवायचा? विरजणाला कुणी नाही म्हणतं का?"

"आणि माझं तर नासलंच होतं," मागून एक जण म्हणाली. "तार सुटली होती त्याला. तुला कुठं फोन करत बसू चमचाभर दह्यासाठी?"

"पण दिवेलागणीनंतर एकदाबी दिलं नाही हां," एका म्हातारीने बजावलं. "तेवढं कडक पाळलंय."

सगळ्यांनी माना हलवल्या. नियम पाळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

नेत्राने कागदावर बाण काढायला घेतले. कोणाकडून कोणाकडे. तासाभरात अठरा बाण झाले. संध्याकाळी तिने सगळ्या मडक्यांतला थेंब थेंब चष्म्याच्या डबीएवढ्या वाचकयंत्रात घातला. जिवाणू रोज वाढतात आणि वाढताना त्यांच्या गुणसूत्रात बारीकसारीक चुका होत राहतात. प्रत्येक मडक्यातल्या चुका थोड्या वेगळ्या. त्यावरून कुठलं दही कुठल्या दह्याच्या वंशातलं, हे यंत्र वीस मिनिटांत सांगत असे. बायकांनी सांगितलेले अठराही बाण बरोबर होते. एकोणिसावा यंत्राने सांगितला: मडकं बारा ते मडकं सदतीस.

बारा नंबरचं मडकं महानंदा हालकुडे यांचं होतं. सदतीस नंबरचं त्यांच्या थोरल्या जावेचं, इंदुमतीचं. त्या दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

गावात हे सगळ्यांना माहीत होतं. शिवराज आणि विश्वनाथ हालकुडे हे सख्खे भाऊ. दोघांची घरं पाठीला पाठ लावून, मध्ये परसातली छातीएवढी भिंत. आई धाकट्या विश्वनाथकडे असायची. शिवराज तेव्हा हैदराबादेत एका तेलाच्या गिरणीत कामाला होता. आई पाच दिवस अत्यवस्थ होती आणि विश्वनाथने कळवलं नाही. का नाही, याची दोन घरांत दोन उत्तरं होती. शिवराज आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून विश्वनाथच्या घरचं पाणीही त्याने वर्ज्य केलं. मग गावातच पिठाची गिरणी टाकली. नवऱ्यांचं बोलणं बंद झालं तसं बायकांचंही झालं.

इंदुमतीकाकूंचा आजार त्यानंतर सात वर्षांनी सुरू झाला. त्याला कुठलंही कारण नव्हतं. पहिल्या तपासणीच्या वेळी शिवराजकाकांनी नेत्राला सांगितलं होतं, "बसलेली असते. हाक मारली की बघते, पण उशिरा." चार वर्षं स्वयंपाक तेच करत होते. तेव्हा प्रश्नावलीत काकूंना सत्तावीसपैकी एकवीस गुण होते. जितके जास्त गुण तितका आजार मोठा. आता पाच होते. आता त्या रोज सकाळी गिरणीवर बसत आणि कुणाचा डबा आधी आला यावरून गिऱ्हाइकांशी भांडत.

"महानंदानं सांगितलं?" काकूंनी विचारलं. शिवराजकाका गिरणीवर होते, घरात त्या दोघीच होत्या.

"नाही. त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. यंत्राने सांगितलं."

"एक शब्द नाही बोललो गं आम्ही. तिसऱ्या आठवड्यात माझं दही लागेना. नुसतं पाणी. मला उठून कुणाकडं जायचं होत नव्हतं. वाटी घेऊन परसात गेले आणि भिंतीवर ठेवून दिली. का ठेवली, तेपण सांगता येणार नाही. परत आले तर भरलेली होती." त्यांनी गिरणीच्या दिशेने पाहिलं. "यांना कळलं का?"

"मी सांगणार नाही."

पण प्रश्न तिथे संपत नव्हता. चार दिवसांनी प्रयोगावर देखरेख करणाऱ्या समितीचा निर्णय आला. प्रयोग बंद करायचा नाही. विरजण कसं पसरलं याची साखळीच मोजायची. ज्यांच्याकडे एल-४१ आलं ते, नाही आलं ते, कधी आलं, किती हातांतून आलं. यातून जुन्या प्रयोगापेक्षा जास्त कळेल, असं डॉ. पटणे यांचं मत होतं. अट अशी की प्रत्येक घराने नवीन संमतिपत्र भरायचं. घरात जो जो ते दही खातो त्याची सही हवी, कारण आधी कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. सहावा रकाना: विरजण कोणाकडून घेतले. सही नसेल किंवा रकाना रिकामा असेल, तर मडकं परत घ्यायचं.

"सहावा रकाना रिकामा ठेवला तर?" नेत्रा संमतिपत्र घेऊन आली तेव्हा इंदुमतीकाकूंनी विचारलं.

"मडकं न्यावं लागेल."

"दुसऱ्या कुणाचं नाव लिही ना."

"यंत्र सांगतं, काकू. आणि मला तसं लिहिता येणार नाही."

काकूंनी कागद घेतला आणि सहाव्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सौ. महानंदा विश्वनाथ हालकुडे. शेजारी 'नाते' असा छोटा चौकोन होता. तो त्यांनी तसाच सोडला. "यांना मीच सांगते. तू उद्या ये."

दुसऱ्या दिवशी नेत्रा गेली तेव्हा गिरणी बंद होती. शिवराजकाका बाजेवर बसले होते. भुवयांवर पीठ होतं. कागद मांडीवर होता.

"तीन महिने मी त्याच्या घरचं खायलोय," ते म्हणाले.

"चमचाभर विरजण होतं, काका."

"चमच्यानंच तर दही लागतं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, एक सांगा. हिनं मला काल हे सांगितलं. माझ्या अंगाचा भडका व्हायला पाहिजे होता. झाला नाही. मी म्हणालो, बरं. नुसतं बरं! मग रात्रभर विचार केला, की हे कोण म्हणालं?"

नेत्राने त्यांचा नमुना घेतला. इक्वॉलच्या चाचणीच्या पट्टीवर दोन मिनिटांत जांभळी रेघ उमटली.

"आहे?"

"आहे."

"मला विचारलं होतं का कुणी?"

"नाही. एका घरात एकच मडकं असतं, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं."

"अकरा वर्षं रोज राग यायचा मला त्याचा. राग आला की आई आठवायची. पाच दिवस ती दाराकडं बघत असेल, ते यायचं डोळ्यांपुढं. आता हिशेब करायलोय, शेवटचं कधी आठवलं. संक्रांतीच्या आधी."

"काका, ते इक्वॉलमुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. तुम्ही आजारी नव्हता. काकू बऱ्या झाल्या, घरातलं काम कमी झालं, झोप लागायला लागली. यातल्या कशानंही माणूस निवळतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"मग मलापण माहीत नाही. आता इथं सही करायची म्हणता. ती मी करणार का ते दही करणार?"

औषधांच्या अभ्यासात एका औषधाचा परिणाम पुरता उतरल्याशिवाय दुसरी मोजणी करत नाहीत, हे तिला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. संमतीलाही ते लागू करावं, हे समितीतल्या नऊ जणांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"किती दिवस खाल्लं नाही तर जाईल?"

"शरीरातून तीनेक दिवसांत. मनावर काही परिणाम असेल तर तो उतरायला, आमच्या अंदाजाने, तीन आठवडे."

"बावीस दिवसांनी या. तोवर मडकं राहू द्या. हिनं खावं, मी खात नाही."

"आणि बावीस दिवसांनी?"

"ते तेव्हाचा शिवराज सांगेल."

डॉ. पटणे यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या गृहस्थांना समितीवर घ्यायला हवं होतं. दे बावीस दिवस. त्यापुढे एकही नाही."

नवव्या दिवशी नेत्रा आठवड्याच्या तपासणीसाठी गेली. काकूंचे गुण सात झाले होते. दोनाने वाढले होते. काकू स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. बाहेर गिरणीचा पट्टा फिरत होता.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ते दही कढीत घातलं तर मरतं का?"

"जिवाणू मरतात. इक्वॉल तसंच राहतं, उकळल्याने काही होत नाही त्याला."

उत्तर देऊन झाल्यावर नेत्राला प्रश्न कळला. तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी विळीवरून नजर उचलली नाही.

"काकू..."

"हे जेवताना ताटाकडं बघत नाहीत. पुढ्यात येईल ते खातात." कांदा संपला तरी त्यांचा हात थांबला नाही. "परत तसं बसायचं म्हणजे काय, ते तुला माहीत नाही. दुःख नसतं गं. दुःख झालं असतं तर बरं. हे हाक मारायचे, आणि मला वाटायचं, कुणाला तरी मारायलेत. मला नाही."

"मडकं गेलं तरी बाकीचे उपचार आहेत. दवाखान्यातल्या गोळ्या..."

"तीन प्रकारच्या घेतल्या मी. तुझ्याच फॉर्मवर लिहिलंय."

नेत्राने खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही असं कराल?"

"मी एवढंच विचारलं, मरतं का. तू सांगितलंस, नाही मरत." त्यांनी विळी मिटवली. "चहा टाकू?"

नेत्राने वहीत त्या दिवसाची नोंद केली. गुण लिहिले, वजन लिहिलं, रक्तदाब लिहिला. कढीचं लिहिलं नाही. शिवराजकाकांना सावध करावं का, यावर ती तीन दिवस विचार करत होती. सावध केलं असतं तर काकूंनी घातलं की नाही हे कधीच कळलं नसतं, आणि काकांनी घरात जेवणं सोडलं असतं. नाही केलं तर बाविसाव्या दिवशी पट्टी सांगणारच होती. जांभळी रेघ आली असती, तर काकांची सही तिला घेता आली नसती आणि मडकं न्यावं लागलं असतं. तिने काकांना काही सांगितलं नाही. मात्र काकूंना एकदा फोन केला आणि सांगितलं, "बाविसाव्या दिवशी काकांची पट्टी पुन्हा लावणार आहे मी."

"लाव," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाविसावा दिवस गुरुवार होता. नेत्रा सकाळी दहाला पोचली. काकांनी नमुना आधीच काढून ठेवला होता. पट्टी बाटलीत बुडवून तिने ती टेबलावर ठेवली. दोन मिनिटं ती आणि काका पट्टीकडे बघत बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या पट्टीकडे बघत नव्हत्या.

पट्टी कोरी राहिली. नेत्राने आणखी एक मिनिट थांबून खात्री केली.

"गेलं?" काकांनी विचारलं.

"पूर्ण गेलं."

"मला ते बाराव्या दिवशीच कळलं. विश्वनाथ गिरणीवरून गेला. मी आत होतो, पट्टा चालू होता. तेवढ्या आवाजातून मला त्याच्या चपला ओळखू आल्या, आणि राग आला." त्यांनी छातीवर हात ठेवला. "होता तेवढाच. कमी नाही, जास्त नाही. आणि आई पण आली. दाराकडं तोंड करून."

नेत्राने मडक्याच्या झाकणावर लावायची परतीची चिठ्ठी पिशवीतून काढून ठेवली होती. ती तिने हाताखाली झाकली.

"पेन द्या," काका म्हणाले.

त्यांनी कागद सुरुवातीपासून वाचला. सहाव्या रकान्यापाशी बोट थांबलं. "नात्याचा चौकोन रिकामा का?"

"तुम्ही सांगा, काय लिहायचं ते," दारातून काकू म्हणाल्या.

काकांनी वेळ घेतला. मग प्रत्येक अक्षर सुटं काढत त्यांनी चौकोनात लिहिलं: लहान भावजय.

पुढचा रकाना होता: सदर दही आपण यापुढे खाणार आहात काय? त्यांनी 'नाही' वर खूण केली. सहीच्या जागेवर येऊन ते पुन्हा थांबले.

"इथं छापलंय, 'मी हे राजीखुशीने लिहून देत आहे.' ते खोडा."

"काका, तो ठरलेला मजकूर आहे. सगळ्या संमतिपत्रांवर असतो."

"असू दे. मी राजीखुशीनं देत नाही. मला राग आहे आणि मी देतोय. 'लिहून देत आहे' एवढंच ठेवा."

नेत्राने 'राजीखुशीने' या शब्दावर रेघ मारली आणि शेजारी स्वतःची लघुसही केली. काकांनी खाली सही केली. उठून त्यांनी टोपी घातली आणि ते गिरणीकडे गेले. पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला.

नेत्राने कागद पाकिटात घातला. काकू आत वळल्या होत्या. "जेवूनच जा," त्यांनी आतून सांगितलं. "कढी केलीय."

ती आत गेली. गॅसच्या दोन शेगड्यांवर दोन लहान पातेली होती. दोन्हींत कढी. एकाच्या कडीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ होती. दोरा रोजच्या धुण्याने पिवळा पडला होता.

"दोऱ्याची यांची," काकू म्हणाल्या. "म्हशीच्या ताकाची. तुला कुठली वाढू?"